घरगुती वाळूचा फिल्टर: वाळूला हात कमी लावा, पाण्याकडे लक्ष जास्त द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील एका गावात विहिरीच्या पाण्यासाठी दोनशे लिटरच्या निळ्या प्लास्टिकच्या पिंपात खडी आणि वाळू भरून घरीच फिल्टर तयार केलेला आहे. सुरुवातीला मिनिटाला साधारण एक लिटर पाणी मिळत असे. आता एक लिटर भरायला पाच मिनिटे लागतात आणि पावसाळा लागल्यापासून पाण्याला कुबट वास येतो. सगळी वाळू बाहेर काढून ब्लीचिंग पावडरने धुवावी, परत भरताना मध्ये लाकडी कोळशाचा थर द्यावा, बाहेरच्या नळीला तोटी बसवावी आणि गणपतीत घरात वीसेक माणसे असतात तेव्हा छोटा पंप लावून दिवसभर पाणी चालू ठेवावे, असा विचार आहे. तो योग्य आहे का?

यांपैकी एकही बदल मी सुचवणार नाही. ज्या भागामुळे आपले पाणी सुरक्षित होते, नेमक्या त्याच भागावर हे चारही बदल घाव घालतील. आपला फिल्टर बिघडलेला नाही, तुंबला आहे. आणि वाळूचा फिल्टर कालांतराने तुंबणे हे तो गाळ अडवत असल्याचे लक्षण आहे. कोकणात आणि मराठवाड्यात असे फिल्टर बसवण्याच्या व दुरुस्त करण्याच्या कामातून माझे मत असे झाले आहे की वाळूला शक्य तितका कमी हात लावावा, आणि सुधारणा करायच्या त्या वाळूत शिरण्यापूर्वीच्या पाण्यात व वाळूतून बाहेर आल्यावर ते ज्या भांड्यात साठते त्या भांड्यात कराव्यात. हे का, ते आधी सांगतो, कारण कारण कळले की पुढची बरीच देखभाल आपोआप सुचते.

वाळू पाणी गाळते, हे अर्धेच खरे आहे. जिवाणू साधारण एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा असतो आणि अगदी बारीक वाळूच्या दोन कणांमधली फटही त्याच्या कितीतरी पट मोठी असते. तरीही जिवाणू अडतात, कारण वाळूच्या वरच्या एकदोन सेंटीमीटरमध्ये सूक्ष्मजीवांचा एक जिवंत थर तयार होतो. विहिरीच्या पाण्याबरोबर आलेले सेंद्रिय कण हे या थराचे अन्न. त्यात वाढणारे जीव रोगजंतूंना खातात, काही जंतू वाळूच्या कणांना चिकटून राहतात आणि उरलेल्यांपैकी पुष्कळसे खालच्या भागात अन्न व प्राणवायू न मिळाल्याने मरतात. हा थर पूर्ण तयार व्हायला तीन ते चार आठवडे लागतात. नव्या फिल्टरचे पाणी पहिल्या दिवशीच नितळ दिसते, पण ते महिनाभराने सुरक्षिततेच्या जवळ येते.

ही पद्धत नवी नाही. लंडनमध्ये १८२९ साली जेम्स सिम्प्सन यांनी चेल्सी येथे टेम्स नदीच्या पाण्यासाठी वाळूचे मोठे गाळणहौद बांधले. १८९२ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात पटकीची साथ आली आणि ८,०००हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. शेजारच्याच आल्टोना शहराने मात्र त्याच एल्ब नदीचे पाणी, तेही हॅम्बुर्गचे सांडपाणी मिसळल्यानंतरचे, वाळूतून संथपणे गाळून घेतले आणि ते शहर साथीतून बरेचसे वाचले. या मोठ्या हौदांची एक अट होती: पाणी रात्रंदिवस वाहते राहिले पाहिजे, नाहीतर जिवंत थर गुदमरतो. घरी दिवसातून दोनतीनदा कळशीने पाणी ओतणाऱ्याला ही अट पाळणे शक्य नाही. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाच्या डेव्हिड मान्झ यांनी १९९०च्या दशकात यावर तोडगा काढला आणि तो तोडगा म्हणजे आपल्या पिंपाच्या बाहेर तळापासून वर चढवलेली नळी. नळीचे तोंड वाळूच्या पृष्ठभागापेक्षा पाच सेंटीमीटर उंच ठेवले, की ओतलेले पाणी निघून गेल्यावरही वाळूवर पाच सेंटीमीटर पाणी उभे राहते. एवढ्या उथळ पाण्यातून हवेतला प्राणवायू खालच्या थरापर्यंत झिरपतो आणि पाणी वाहत नसतानाही थर जगतो. आपल्या फिल्टरमधले सर्वांत महत्त्वाचे माप कोणते, असे विचाराल तर ते हेच.

म्हणून पहिले काम मोजण्याचे. पाणी ओतणे थांबवा, नळीतून शेवटचा थेंब पडेपर्यंत वाट पाहा, झाकण आणि जिच्यावर आपण पाणी ओततो ती भोकांची ताटली बाजूला काढा आणि स्वच्छ धुतलेली स्टीलची पट्टी पिंपाच्या कडेने अलगद उतरवून टोक वाळूला टेकते तिथे पाण्याची खोली पाहा. मध्यभागी आणि चारही बाजूंना, अशा पाच ठिकाणी मोजावे, कारण वाळू एका बाजूला कललेली असण्याची शक्यता मोठी असते. चार ते सहा सेंटीमीटर असेल तर ठीक. दोन वर्षे वापरलेल्या पिंपात बहुधा ही खोली सात-आठ सेंटीमीटर भरते, कारण वाळू दबून खाली बसते आणि प्रत्येक साफसफाईत थोडी वाळू गढूळ पाण्याबरोबर बाहेर जाते. अशा वेळी मूळ भरली होती तशीच धुतलेली वाळू वरून मूठमूठ सोडून पातळी पुन्हा पाच सेंटीमीटरवर आणावी. आपण सांगितलेला कुबट वास मला या खोल पाण्याशीच जोडलेला वाटतो: पाणी खोल झाले की प्राणवायू तळापर्यंत पोहोचत नाही, थरातले चांगले जीव मरतात आणि कुजण्याची क्रिया सुरू होते. याला दुसरे कारण जोडीला असू शकते. पिंप उघड्या पडवीत असेल आणि वरच्या भागावर ऊन किंवा लख्ख उजेड येत असेल तर शेवाळ वाढते, ते मरते आणि वास देते. जाड कापडाचे आच्छादन किंवा बाहेरून दिलेला गडद रंग यावर पुरेसा आहे.

आता मंदावलेल्या धारेकडे येऊ. मिनिटाला एक लिटरऐवजी दोनशे मिलिलिटर ही मोठी घट आहे आणि तिचा उपाय पृष्ठभागावरच आहे, कारण पावसाळ्यातला लाल गाळ वरच्या एकदोन सेंटीमीटरमध्ये अडकलेला असतो. खालची वाळू स्वच्छच असते. हात साबणाने धुवून घ्यावेत. वाळूवर उभ्या असलेल्या पाण्यात आणखी बादलीभर पाणी हळूच घालावे, मग तळहात पसरून, बोटे वाळूत न रुतवता, वाळूच्या पृष्ठभागाला जेमतेम स्पर्श होईल अशा बेताने गोल फिरवावा. दोनतीन फेऱ्यांतच पाणी चहासारखे लालसर होते. ते गढूळ पाणी वाडग्याने उपसून बाहेर टाकावे, पुन्हा स्वच्छ पाणी घालून हीच कृती करावी आणि दोन किंवा तीन खेपांनंतर थांबावे. उपसलेले पाणी अगदी नितळ होईपर्यंत घासत बसण्याचा मोह होतो, तो टाळावा. दह्याच्या भांड्यात विरजणापुरते दही मागे ठेवावे, तसा थराचा थोडा अंश वाळूत राहू द्यायचा असतो. त्यातूनच नवा थर काही दिवसांत उभा राहतो. शेवटी वाळू हाताने सपाट करावी, ताटली परत ठेवावी, पिंप भरून मग धार मोजावी.

धार मोजण्याचीही एक रीत आहे. पिंप काठोकाठ भरलेले असताना पहिला लिटर किती वेळात भरतो, तेच माप धरायचे. पाण्याची पातळी उतरत जाते तशी धार बारीक होते, त्यामुळे अर्ध्या पिंपावर केलेले मोजमाप फसवे ठरते. आपल्या पिंपाचा व्यास सुमारे ५७ सेंटीमीटर आहे, म्हणजे वाळूचे क्षेत्रफळ पाव चौरस मीटर होते आणि त्या हिशेबाने मिनिटाला एक लिटरच्या आसपासची धार उत्तम. ती दीड लिटरच्या वर गेली तर आनंद मानू नये. पाणी वाळूत पुरेसा वेळ थांबत नाही, असा त्याचा अर्थ आहे आणि बहुतेक वेळा वाळू जाड निवडली गेलेली असते किंवा पिंपाच्या गुळगुळीत आतल्या भिंतीलगत पाण्याने सरळ खाली जाण्याची वाट काढलेली असते. दुसऱ्या बाजूला, धार अर्धा लिटर झाली तरी घराची गरज भागत असेल तर साफसफाई करूच नये. दर रविवारी फिल्टर धुण्याची सवय अनेक घरांत दिसते आणि तिच्यामुळे जिवंत थराला वाढायला कधी वेळच मिळत नाही. साफसफाईनंतर आठवडाभर तरी पाणी उकळून किंवा क्लोरीन घालूनच प्यावे.

वाळू ब्लीचिंग पावडरने धुण्याचा विचार आता आपल्यालाच पटणार नाही. क्लोरीन रोगजंतू आणि उपयोगी जीव यांत भेद करत नाही. याच कारणाने एक सूचना ठळकपणे करतो: ग्रामपंचायतीच्या नळाचे टीसीएल (ब्लीचिंग पावडर) घातलेले पाणी या फिल्टरमध्ये ओतू नये. विहीर उन्हाळ्यात आटली की लोक नळाचे पाणी त्याच पिंपात ओततात आणि थर मारून टाकतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर त्याला या फिल्टरची गरज नाही. ते झाकून ठेवले की पुरे. त्याचप्रमाणे आज विहीर, उद्या पागोळ्यांचे पाणी, परवा पऱ्याचे, असे करू नये. थर एका प्रकारच्या पाण्याला सरावलेला असतो, स्रोत बदलला की त्याची क्षमता काही काळ घटते.

तोटीबद्दल. बाहेरच्या नळीचे तोंड कायम उघडे हवे. तिथे तोटी लावून ती बंद ठेवली की वर ओतलेले सगळे पाणी वाळूवर तुंबून राहते, म्हणजे पाच सेंटीमीटरऐवजी वीस-पंचवीस सेंटीमीटर पाणी उभे राहते आणि थर गुदमरतो. तोटी तळाशी लावली आणि चुकून उघडी राहिली तर याहून वाईट: पूर्ण पिंप रिकामे होऊन वाळू कोरडी पडते. याच्याशी जवळचा एक धोका असा, की पाणी लांबच्या हंड्यात सरळ पडावे म्हणून नळीच्या तोंडाला लोक रबरी पाइप जोडून तो खाली सोडतात. राजापूर भागातल्या एका घरात याच कारणाने फिल्टर रोज सकाळी कोरडा सापडत असे आणि घरची मंडळी पिंपाला चीर गेली असे समजून बाहेरून एम-सील लावत होती. पाइप पाण्याने पूर्ण भरला की तो वाळूच्या पातळीखालचेही पाणी ओढून घेतो. लांब पाइप हवाच असेल तर नळीच्या सर्वांत उंच ठिकाणी टी (तीन तोंडांचा सांधा) जोडून तिचे वरचे तोंड जाळी बांधून हवेसाठी मोकळे ठेवावे, ओढ तुटते.

वाळू एकदा कोरडी पडली तर वरून पाणी ओतून ती नीट भिजत नाही. कणांमध्ये हवेचे बुडबुडे अडकतात आणि पाणी मोजक्या वाटांनी खाली पळते. अशा वेळी बाहेरच्या नळीच्या तोंडाला स्वच्छ पाण्याचा पाइप लावून पाणी उलट्या दिशेने, तळाकडून वर, अतिशय सावकाश चढवावे; बुडबुडे वर येताना दिसतात, ते थांबेपर्यंत घाई करू नये. मग महिन्याभराचा थर नव्याने घडवावा लागतो.

कोळशाची कल्पना बहुधा तीन मडक्यांच्या जुन्या फिल्टरवरून आली असावी. कोळसा वास आणि रंग ओढून घेतो हे खरे, पण घरच्या चुलीतला कोळसा आणि कारखान्यात वाफ देऊन तयार केलेला सक्रिय कोळसा यांच्या क्षमतेत फार अंतर आहे. कोळशाची ओढून घेण्याची ताकद संपते आणि ती संपल्याचे डोळ्यांना दिसत नाही. तो वाळूच्या मधोमध पुरला तर बदलण्यासाठी दर वेळी सगळी वाळू उपसावी लागेल; शिवाय थकलेल्या कोळशावर जिवाणू छान वाढतात. पाण्याच्या चवीसाठी कोळसा हवाच असेल तर नारळाच्या करवंटीपासून बनवलेला दाणेदार सक्रिय कोळसा विकत घेऊन तो वेगळ्या छोट्या भांड्यात, फिल्टरनंतर ठेवावा, ठरावीक काळाने बदलावा आणि क्लोरीन नेहमी कोळशाच्या नंतर घालावे, कारण कोळसा क्लोरीन खाऊन टाकतो. माझ्या मते आपल्याला त्याची गरज पडणार नाही. पाण्याची पातळी दुरुस्त झाल्यावर पंधरा दिवसांत वास गेला नाही तरच याचा विचार करावा.

गणपतीतल्या माणसांचा हिशेब करून पाहिला तर पंपही लागत नाही. आपल्या पिंपात वाळूचा थर सुमारे पन्नास सेंटीमीटर आहे, म्हणजे सव्वाशे लिटर वाळू. तिच्या फटींमध्ये साधारण पन्नास लिटर पाणी मावते. एका वेळी तेवढेच ओतावे, म्हणजे वाळूत आधीच्या खेपेपासून मुरत असलेले पाणी बाहेर येते आणि नवे पाणी त्याची जागा घेते. पन्नास लिटर निघून जायला दोनेक तास धरा, त्यानंतर किमान एक तास फिल्टरला विश्रांती द्या. सकाळी, दुपारी आणि रात्री अशा तीन खेपांत दीडशे लिटर मिळतात. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी पाच लिटर धरले तरी वीस माणसांचे शंभर लिटरच होतात. अंघोळ-धुण्याचे पाणी फिल्टरचे लागत नाही. तरीही ओढाताण वाटत असेल तर दुसरे पिंप मांडावे, पण ते आषाढातच सुरू करून रोज चालवावे लागेल, तरच भाद्रपदात त्यावर विसंबता येईल. उलट बाजूने, घर बंद करून मुंबईला जाणे झाले आणि दोन दिवसांहून अधिक काळ पाणी ओतले गेले नाही, तर परतल्यावर पहिले काही दिवस पाणी उकळून घ्यावे. शेजाऱ्याला रोज एक कळशी ओतायला सांगून जाणे हे सर्वांत सोपे.

दुसरे पिंप मांडणार असाल तर तीन गोष्टी सांगून ठेवतो. पिंप खाद्यपदार्थांसाठीच वापरलेले असावे; भंगारवाल्याकडची स्वस्त निळी पिंपे अनेकदा आम्ल, रंग किंवा कीटकनाशकाची असतात आणि ती कितीही धुतली तरी पिण्याच्या पाण्याला चालत नाहीत. वाळू समुद्रकिनाऱ्याची घेऊ नये, त्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. खाणीतल्या दगडाची क्रश सँड ०.७ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळून घ्यावी आणि मग धुवावी. किती धुवावी याची परीक्षा अशी: काचेच्या बरणीत थोडी वाळू आणि पाणी घेऊन गरगर फिरवावे आणि थांबवावे, तीनचार सेकंदांत वरच्या पाण्यातून वाळूचा पृष्ठभाग दिसू लागला तर धुणे पुरे झाले, पाणी दुधासारखे राहिले तर अजून धुवायला हवी, आणि लगेच काचेसारखे स्वच्छ झाले तर बारीक कणही वाहून गेले. काळ्या दगडाच्या वाळूत भुकटी फार असते, त्यामुळे हे काम कंटाळवाणे होते, पण फिल्टरची धार इथेच ठरते. तिसरी गोष्ट जागेची. भरलेले पिंप तीनशे किलोहून अधिक वजनाचे होते, म्हणून चिऱ्यांचा सपाट चौथरा आधी करावा आणि पिंप तिथे ठेवूनच भरावे. भरलेले पिंप हलवले की प्लास्टिक वाकते, वाळू भिंतीपासून सुटते आणि पाण्याला चोरवाट मिळते.

आता खऱ्या सुधारणेकडे, म्हणजे पाणी वाळूत शिरण्यापूर्वी काय करता येईल, याकडे येतो. जांभ्या दगडातल्या विहिरीला पहिल्या मोठ्या पावसात लाल पाणी येते. ते थेट ओतले तर आठवड्याभरात फिल्टर तुंबतो, हात फिरवून साफ करावा लागतो, थर मोडतो आणि नेमका पटकी-काविळीच्या दिवसांत फिल्टर सर्वांत दुबळा असतो. दोन लिटरची पारदर्शक बाटली पाण्याने भरून वर्तमानपत्राच्या मोठ्या मथळ्यावर ठेवावी आणि वरून खाली पाहावे. अक्षरे दिसली तर ओतायला हरकत नाही, न दिसली तर पाणी आधी निवळू द्यावे. पन्नास लिटरच्या दोन टाक्या आलटून पालटून वापरल्या, एका टाकीतले पाणी रात्रभर स्थिर ठेवून सकाळी वरचे तीन चतुर्थांश पाणीच काढून घेतले आणि ते सुती जुन्या साडीच्या चार पदरांतून गाळून ओतले, तर पुष्कळसे काम होते. चार पदरी जुन्या साडीचे महत्त्व कमी लेखू नये: बांगलादेशातील मतलब भागात रिटा कोल्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एवढ्या एकाच सवयीने पटकीचे रुग्ण जवळपास निम्म्याने घटले होते.

तरीही लाली राहिली तर तुरटी. इथे कोकणातल्या पाण्याचा एक विशेष लक्षात ठेवावा. पावसाळ्यात आपल्या विहिरींचे पाणी अतिशय मृदू आणि किंचित आम्लधर्मी असते. तुरटीला गाळाचे पुंजके बांधण्यासाठी पाण्यात जो क्षार लागतो, तो त्यात पुरेसा नसतो. म्हणून कोकणात तुरटी फिरवूनही पाणी निवळत नाही अशी तक्रार ऐकू येते आणि लोक तुरटी वाढवत नेतात, त्याने पाणी आणखी आम्ल होते. तुरटीआधी खाण्याच्या चुन्याची निवळी थोडी घालून पाहावी, पुंजके लगेच बांधले जातात. घाटावरच्या जड पाण्यात या चुन्याची गरज नसते. खाली बसलेला गाळ मात्र फिल्टरमध्ये जाऊ देऊ नये.

पाणी पडते ती भोकांची ताटलीही तपासावी. तीन मिलिमीटरची भोके, अडीच सेंटीमीटर अंतरावर, हे माप चांगले चालते. ताटली वाकली किंवा कडेने फट पडली की एका ठिकाणी धार पडून वाळूत खड्डा होतो आणि त्या खड्ड्यातून पाणी अर्धवट शुद्ध होऊन खाली जाते. लाकडी फळी वापरू नये.

यानंतरचा टप्पा सर्वांत दुर्लक्षित आहे. उत्तम स्थितीतला असा फिल्टर प्रत्यक्ष वापरात जिवाणूंचे प्रमाण साधारण ८८ ते ९८ टक्क्यांनी कमी करतो, अमीबासारखे मोठे जंतू जवळपास सगळे अडवतो, पण विषाणूंवर त्याचा भरवसा कमी. आपल्या विहिरीच्या १०० मिलिलिटर पाण्यात २०० ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जिवाणू) असतील तर ९५ टक्के कमी होऊनही १० उरतात आणि भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात एकही आढळता कामा नये. कावीळ पसरवणारे अ आणि ई हे दोन्ही विषाणूच आहेत. त्यातली ई कावीळ गरोदर स्त्रियांसाठी जिवावरची ठरू शकते. म्हणून फिल्टरनंतर क्लोरीन घालावेच, विशेषतः जून ते ऑक्टोबरमध्ये. गाळलेल्या पाण्याला क्लोरीन थोडे लागते आणि ते नीट काम करते, हाच वाळूच्या फिल्टरचा मोठा फायदा आहे. ताजी, ३३ टक्के क्लोरीन असलेली टीसीएल पावडर ३० ग्रॅम घेऊन एक लिटर पाण्यात प्लास्टिकच्या भांड्यात कालवावी, गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे स्वच्छ द्रावण काळ्या बाटलीत, मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावे. वीस लिटर गाळलेल्या पाण्याला हे द्रावण ४ मिलिलिटर पुरते. सुई काढलेल्या पाच मिलिलिटरच्या सिरिंजने ते अचूक मोजता येते. अर्धा तास झाकून ठेवावे. त्यानंतर लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असणे अपेक्षित आहे आणि ते ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडच्या ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीने पिवळ्या रंगावरून पाहता येते. पावडर दमट हवेत कस गमावते, म्हणून पाकीट जुने असेल तर हे माप लागू पडणार नाही. बाजारात मिळणारी मेडिक्लोरसारखी तयार औषधे वापरायची असतील तर बाटलीवरचेच प्रमाण पाळावे.

साठवणीचे भांडे झाकणाचे, अरुंद तोंडाचे आणि तळाशी तोटी असलेले घ्या. आपल्याला बसवायची असलेली तोटी खरी इथे हवी. रुंद तोंडाच्या हंड्यात ओगराळे किंवा तांब्या बुडवला की हातावरचे जंतू पाण्यात जातात आणि आधीची सगळी मेहनत वाया जाते.

हा फिल्टर काय करू शकत नाही, तेही स्पष्ट असावे. पाण्यात विरघळलेले फ्लोराइड, नायट्रेट आणि मीठ वाळूला अडवता येत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या फ्लोराइडयुक्त कूपनलिका किंवा पूर्णा खोऱ्यातला अकोला-अमरावती-बुलढाण्याचा खारपाणपट्टा, इथल्या वाचकांनी आपल्या पाण्यासाठी हे उत्तर पुरेसे समजू नये. फ्लोराइडची कमाल मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम, नायट्रेटची ४५ मिलिग्रॅम. त्यापेक्षा अधिक असेल तर स्रोतच बदलावा लागतो किंवा वेगळे तंत्र वापरावे लागते. लोह मात्र वाळूत बऱ्यापैकी अडते, पण फिल्टर लवकर तुंबवते. पाणी वाळूवर ओतण्याआधी उंचावरून दोनतीनदा या भांड्यातून त्या भांड्यात ओतून हवा खेळवली की लोहाचा तांबूस गाळ निवळण्याच्या टाकीतच बसतो.

राहता राहिली तपासणी. एच टू एस व्हायल, म्हणजे पाणी दूषित असेल तर आतला कागद आणि पाणी काळे पडते ती छोटी बाटली, ही १९८२ साली भारतातच विकसित झालेली चाचणी आहे; ग्रामपंचायतीत किंवा आरोग्य उपकेंद्रात तिची चौकशी करावी. एका वेळी तीन बाटल्या घ्याव्यात: पहिली थेट विहिरीच्या पाण्याची, दुसरी फिल्टरच्या नळीतून पडणाऱ्या पाण्याची, तिसरी साठवणीच्या भांड्यातल्या, क्लोरीन घालण्यापूर्वीच्या पाण्याची. उबदार जागी चोवीस ते अठ्ठेचाळीस तास ठेवून पाहाव्यात. पहिली काळी आणि दुसरी-तिसरी जशीच्या तशी राहिली, तर फिल्टर काम करतो आहे. पहिली आणि तिसरी काळी पण दुसरी स्वच्छ राहिली, तर वाळूला हात लावू नये. भांडे आणि ते हाताळण्याची पद्धत बदलावी. पहिली आणि दुसरी दोन्ही काळ्या पडल्या, तर पाण्याची उभी खोली, धार आणि भोकांची ताटली या क्रमाने तपासावी आणि तोवर पाणी उकळून प्यावे. काळ्या पडलेल्या बाटलीत टीसीएलचे द्रावण घालून तासाभराने ती न्हाणीऐवजी शौचालयात रिकामी करावी. रासायनिक तपासणीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा नमुना द्यावा, आणि तो फिल्टरचा न देता विहिरीचा द्यावा.